जुन्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड : डिचोलीतील घरच्या दुरुस्तीच्या नोंदी

27 जून 2024

आज संध्याकाळी जत्रेतील नाटकाच्या नेपथ्याचा आराखडा ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्राममध्ये फिरवून पाहत असताना पडद्यावर आधी हिरवे ठिपके उमटले, मग उभे पट्टे आले, आणि काही क्षण सगळे काळे होऊन पुन्हा चित्र परतले. मे महिन्यापासून असे दोन-तीनदा घडले होते, परंतु तेव्हा मी वीजपुरवठ्यातील चढउताराला दोष देऊन विषय सोडून दिला होता. आज यूपीएसच्या पडद्यावर 228 व्होल्ट दिसत होते, त्यामुळे ते कारण आता धरता येणार नाही.

हा संगणक 2012 च्या डिसेंबरात सुटे भाग आणून जुळवलेला आहे. इंटेल कोअर आय5-3470 प्रोसेसर, एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबी डीडीआर3 रॅम, 450 वॅटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि 1 जीबी जीडीडीआर5 मेमरीचे, दोन पंख्यांचे, पडद्यावरील चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड असा त्याचा संच आहे. कार्डाला मदरबोर्डवरील स्लॉटमधून (ते बसते त्या खाचेतून) मिळणाऱ्या 75 वॅटखेरीज एसएमपीएसकडून सहा पिनांची स्वतंत्र जोडणी लागते. मधल्या काळात हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज 10 घातले, पण बाकी सर्व मूळचेच आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतील आणि त्याआधी तीन प्रवेशांचे नेपथ्य मंडळासमोर ठेवायचे आहे, म्हणून दुरुस्ती रीतसर करावी आणि केलेले प्रत्येक काम लिहून ठेवावे असे ठरवले.

30 जून

सर्वप्रथम इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून पाहिला. जून महिन्यात 4101 या क्रमांकाच्या सतरा नोंदी आहेत. या नोंदीचा अर्थ असा, की ग्राफिक्स कार्डाकडून विंडोजला ठरावीक वेळेत उत्तर मिळाले नाही, म्हणून विंडोजने डिस्प्ले ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) थांबवून नव्याने सुरू केला. ही मुदत मुळात 2 सेकंदांची असते. 27 तारखेला पडदा काळा होऊन परत आला तो याच व्यवस्थेमुळे. मात्र या नोंदीवरून दोष ड्रायव्हरचा आहे असे सिद्ध होत नाही. कार्डच गुंगले, विजेचा पुरवठा अपुरा पडला किंवा रॅम बिघडली, तरीही हीच नोंद पडते. ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा घातला. तासाभरात ठिपके परत आले.

ठिपके दिसत असतानाच पडद्याचे छायाचित्र संगणकातूनच घेतले, पेन ड्राइव्हवर घातले आणि मुलीच्या लॅपटॉपवर उघडले. तेथेही नेमके तेच हिरवे ठिपके, त्याच जागी दिसले. बिघाड मॉनिटरचा किंवा केबलचा असता तर संगणकाने स्वतः साठवलेल्या चित्रात तो उतरला नसता. म्हणजे चित्र बाहेर पडण्यापूर्वीच बिघडत आहे. इतक्या साध्या चाचणीने दोन वस्तू यादीतून वजा झाल्या, आणि ती मी मे महिन्यातच करायला हवी होती.

2 जुलै

सकाळी संगणक थंड असताना सुरू केला तेव्हा विंडोज येण्यापूर्वीच्या पहिल्या पडद्यावर नजर ठेवली. मदरबोर्डचे नाव लिहिलेल्या ओळीत प्रत्येक चौथे अक्षर बदललेले होते. काही ठिकाणी अक्षराऐवजी चौकोन होता, काही ठिकाणी भलतेच चिन्ह. पुन्हा सुरू केल्यावरही बदल त्याच रकान्यांत होते. या टप्प्यावर विंडोज किंवा त्याचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, त्यामुळे दोष हार्डवेअरचा आहे हे पक्के झाले. बदल ठरावीक अंतरावर होतो यावरून कार्डावरील मेमरीचा संशय सर्वांत बळावतो, कारण प्रत्येक मेमरी चिपकडे माहितीचा ठरावीक वाटा सोपवलेला असतो आणि एक चिप चुकू लागली की चुकाही नियमित अंतराने उमटतात.

4 जुलै

कार्ड बाहेर काढले. मुख्य वायर काढल्यानंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवले, जेणेकरून एसएमपीएसमध्ये उरलेला भार निघून जाईल. पावसाळ्यात आमच्या घरातील हवा इतकी दमट असते की स्थिर विजेचा धोका उन्हाळ्यापेक्षा किंवा वातानुकूलित खोलीपेक्षा कमी असतो, तरीही कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करण्याचा नियम मी मोडला नाही.

कार्डाची अवस्था पाहून वाईट वाटले. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये तांबडी धूळ इतकी घट्ट बसली होती की ती नखाने सोलून काढावी लागली आणि तिची फेल्टसारखी पट्टीच निघाली. आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक सतत जात असत त्या वर्षांतील धूळ, तिच्यावर घरातील तंतू आणि दर पावसाळ्यातील ओल असे थर त्यात एकावर एक दिसत होते. डावा पंखा मोकळा फिरत होता. उजवा बोटाने ढकलला तर अर्धा फेरा घेऊन थांबत होता आणि त्याच्या मध्यभागी वंगण सुकून काळा डिंक झाला होता. बाहेरच्या बाजूच्या जोडणीवरील स्क्रूंना हिरवट गंज चढला होता. स्लॉटमध्ये बसणाऱ्या कडेचे सोनेरी संपर्क मात्र स्वच्छ होते.

हीटसिंक उचलल्यावर मुख्य चिपवरील, तिची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी निघाली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसली, नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी लावली, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले आणि पंख्याच्या बुशमध्ये यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. भार दिल्यावर पूर्वी 96 अंश सेल्सिअसपर्यंत जाणारे तापमान आता 77 वर थांबले. रात्री दोन तास ब्लेंडर चालवले आणि एकही ठिपका दिसला नाही. दोष गेला असे समजतो.

7 जुलै

वरील शेवटचे वाक्य चुकीचे ठरले. आज दुपारी ठिपके परतले आणि पहिल्या पडद्यावरील अक्षरेही पुन्हा बिघडली. तापमान त्या वेळी केवळ 58 अंश होते.

याचा विचार करता एक गोष्ट लक्षात आली. मी पाहत होतो ते तापमान मुख्य चिपच्या आतल्या संवेदकाचे आहे. या कार्डातील मेमरी चिपांना स्वतःचा संवेदक नाही, त्यामुळे त्या किती तापतात हे कोणताही प्रोग्राम दाखवू शकत नाही. बंद पडलेला उजवा पंखा ज्या बाजूला आहे, त्याच्याच खाली चार मेमरी चिप आहेत. किती महिने, कदाचित किती वर्षे, त्या चिप वाऱ्याशिवाय तापत राहिल्या असतील, आणि हा सगळा काळ मुख्य चिपचे तापमान मला सहन करण्याजोगे दिसत राहिले. आता वारा पुन्हा सुरू झाल्यामुळे झालेली हानी भरून निघणार नाही.

8 जुलै

नवीन कार्डावर पैसे घालण्यापूर्वी बाकीचे भाग निर्दोष आहेत हे दाखवणे आवश्यक आहे, नाहीतर नवे कार्डही त्याच खड्ड्यात जाईल.

पहिला संशयित एसएमपीएस. त्याच्या चार वायरींच्या मोलेक्स जोडणीच्या पिवळ्या आणि काळ्या वायरींमध्ये मल्टीमीटर लावला. नुसता चालू असताना 12.08 व्होल्ट, ब्लेंडरचे रेंडर चालू असताना 11.93. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या एटीएक्स मानकानुसार 12 व्होल्टच्या वायरीवर पाच टक्के कमीजास्त चालते, म्हणजे 11.40 ते 12.60 ही मर्यादा आहे. लाल वायरीवर 5.04 मिळाले. मल्टीमीटर अत्यंत वेगवान चढउतार दाखवत नाही हे खरे, पण पुरवठा भाराखाली कोसळत नाही एवढे यातून कळते. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिले. एकही कॅपॅसिटर फुगलेला नव्हता.

रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट86 पेन ड्राइव्हवरून सुरू करून झोपलो.

9 जुलै

चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. रॅम ठीक आहे.

10 जुलै

कार्ड काढून ठेवले आणि मॉनिटरची तीच व्हीजीए केबल मदरबोर्डवरील जोडणीत लावली. या प्रोसेसरमध्ये एचडी ग्राफिक्स 2500 अंगभूत असल्यामुळे पडदा लगेच आला आणि पहिल्या पडद्यावरील प्रत्येक अक्षर जागच्या जागी होते. ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच वाटा घेते. रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, केबल किंवा मॉनिटर यांपैकी काहीही बिघडलेले असते तर त्याची खूण येथेही दिसली असती. आता चार दिवस असेच वापरून पाहायचे.

14 जुलै

चार दिवसांत एकही ठिपका नाही आणि 4101 ची एकही नोंद नाही.

मग अंगभूत ग्राफिक्सवरच का भागवू नये, असा प्रश्न घरातून आला आणि तो रास्त होता. पत्रे, हिशेब, पंचांग आणि बातम्या यांसाठी ते पुरेसे आहे, आणि ज्याची गरज एवढीच असेल त्याने खरोखरच जुने कार्ड काढून ठेवून स्वस्थ बसावे, त्यात विजेचीही बचत आहे. माझी अडचण ब्लेंडरची आहे. आवृत्ती 4.0 पासून त्याला ओपनजीएल (प्रोग्रामने कार्डाकडून चित्र काढून घेण्याची पद्धत) 4.3 लागते आणि विंडोजमध्ये एचडी ग्राफिक्स 2500 केवळ 4.0 पर्यंत पोहोचते. जुन्या आवृत्तीत परत जावे, तर मुलीने तिच्या लॅपटॉपवर केलेल्या फायली माझ्याकडे नीट उघडणार नाहीत. नेपथ्य आम्ही दोघे मिळून करतो, तेव्हा तो मार्ग बंद आहे.

दुपारी फोंड्याहून भाचा आला. सोबत त्याने स्वतःचे जुने पण चालू कार्ड आणले होते. ते माझ्या स्लॉटमध्ये घातले; दोन तास व्यवस्थित चालले. नंतर माझे कार्ड तो घेऊन गेला आणि रात्री त्याच्या संगणकावरील पहिल्या पडद्याचा फोटो पाठवला. त्यातही प्रत्येक चौथे अक्षर बदललेले. दोष कार्डासोबत फोंड्याला गेला आणि माझ्या स्लॉटमध्ये काही उरले नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

15 जुलै

भाच्याने विचारले, "मामा, कार्ड ओव्हनमध्ये भाजून बघूया का? पुष्कळांची चालू झाली आहेत म्हणे." त्याला दिलेले उत्तर येथे सविस्तर लिहितो, कारण ही समजूत फार पसरलेली आहे. शिसेविरहित सोल्डर साधारण 217 अंशांना वितळू लागते. घरच्या ओव्हनमध्ये लोक याहून कमी तापमान ठेवतात, त्यामुळे सांधे वितळतच नाहीत. उष्णतेने भाग थोडेसे प्रसरण पावून तुटका संपर्क काही दिवस जुळतो आणि पुन्हा सुटतो. तापमान वाढवले तर कॅपॅसिटर आणि प्लास्टिकच्या जोडण्या जातात. शिवाय ज्या ओव्हनमध्ये घरातील माणसांचे जेवण बनते, त्यात सर्किट बोर्डाचे धूर मला नको आहेत. योग्य यंत्रावर बिघडलेली मेमरी चिप बदलता येते, पण बारा वर्षांच्या कार्डासाठी त्या कामाची मजुरी कार्डाच्या किमतीपेक्षा अधिक होते.

17 जुलै

आज आषाढी एकादशी. दिंडी पाहून आल्यावर कार्डाची निवड केली.

अटी अशा होत्या: बारा वर्षांच्या एसएमपीएसवर नवा ताण नको, म्हणून वेगळी वीजजोडणी न मागणारे कार्ड हवे; जुन्या मदरबोर्डवर चालले पाहिजे; आणि धुळीने अडकेल असा छोटा पंखा शक्यतो नको. या तिन्ही अटींत 2017 साली आलेले एनव्हिडियाचे जीटी 1030 बसते. त्याला 30 वॅट पुरतात, म्हणजे स्लॉटच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी, आणि ते पंख्याविना, केवळ हीटसिंकसह मिळते. ओपनजीएल 4.6 आहे. व्हीपी9 प्रकारचा व्हिडिओ ते स्वतः उलगडते, त्यामुळे यूट्यूब पाहताना प्रोसेसरवरचा भार उतरेल.

येथे खरेदीदाराने एका बाबतीत अतिशय सावध राहिले पाहिजे. याच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात. मूळच्या कार्डात जीडीडीआर5 मेमरी असून तिचा वेग सेकंदाला 48 जीबी आहे. 2018 मध्ये डीडीआर4 मेमरीचा प्रकार आला आणि त्याचा वेग केवळ 16.8 जीबी आहे. नाव तेच, क्षमता 2 जीबीच, आणि मेमरीचा प्रकार खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांश असलेली वस्तू त्याच नावाखाली घरी येऊ शकते. ग्राहकाच्या दृष्टीने हे मला अन्यायाचे वाटते.

उणीव एकच. या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तो दुसऱ्या स्वरूपात बांधणारा, भाग नाही. नाटकांच्या जुन्या चित्रफिती एच.264 मध्ये बदलण्याचे काम मी करतो, त्यासाठी अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक हा तसाच भाग वापरता येईल, फक्त बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्राममध्ये) दोन्ही ग्राफिक्स एकाच वेळी चालू ठेवावी लागतील.

19 जुलै

शुक्रवार असल्यामुळे म्हापशात बाजाराची गर्दी होती, तरीही पाऊस अंगावर घेत जाऊन आलो. पहिल्या दुकानात डीडीआर4 चे कार्ड दाखवले गेले आणि मी मेमरीचा प्रकार विचारल्यावर "दोन्ही एकच" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दुकानात जीडीडीआर5 चे, पंखा नसलेले कार्ड मिळाले. केबलसह 7,200 रुपये झाले.

केबलची गोष्ट लिहिण्यासारखी आहे. जुन्या कार्डाला डीव्हीआय-आय जोडणी होती. तिच्यातील आडव्या सपाट पिनेभोवती चार छोट्या पिनांची छिद्रे असतात आणि त्यांतून व्हीजीएचा अॅनालॉग संदेश जातो. म्हणूनच माझी व्हीजीए केबल एका साध्या अॅडॉप्टरवर इतकी वर्षे चालली. नव्या कार्डावर डीव्हीआय-डी आहे, सपाट पिनेची फट आहे पण तिच्याभोवती ती चार छिद्रे नाहीत. जुना अॅडॉप्टर त्यात शिरतच नाही. सुदैवाने माझ्या मॉनिटरच्या मागे डीव्हीआय जोडणी आहे, तिच्यावरचे पिवळे झाकण मी बारा वर्षांत कधी काढलेच नव्हते.

20 जुलै

इंटरनेटची केबल काढली, म्हणजे विंडोज स्वतःहून एखादा ड्रायव्हर आणून घालणार नाही. सेफ मोडमध्ये (विंडोज किमान भागांसह सुरू करून) जाऊन जुना ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने पुसला. कॅबिनेट ब्लोअरने अंगणाच्या कडेला नेऊन साफ केले आणि पुढच्या बाजूला 120 मिलिमीटरचा पंखा बसवला, कारण पंखा नसलेल्या कार्डाला कॅबिनेटमधील हवा खेळती असणे अत्यावश्यक आहे.

कार्ड बसवले, स्क्रू आवळला, संगणक सुरू केला. पडदा काळा.

मदरबोर्डने एक लांब आणि दोन आखूड असे आवाज दिले, म्हणजे त्याला ग्राफिक्स सापडले नव्हते. बायॉस जुना असल्यामुळे नवे कार्ड ओळखत नाही की काय, या शंकेने अर्धा तास गेला. मग टॉर्च लावून स्लॉटकडे बाजूने पाहिले. कार्डाचे आतले टोक स्लॉटमधून सुमारे दोन मिलिमीटर वर उचलले गेले होते आणि सोनेरी संपर्कांची एक रेघ बाहेर चमकत होती. कॅबिनेटचा मागचा पत्रा वर्षानुवर्षांच्या उघडझाकीने किंचित वाकला आहे, त्यामुळे स्क्रू आवळताच कार्डाची स्क्रूची धातूची पट्टी खाली खेचली गेली आणि दुसरे टोक वर आले. पक्कडीने पत्रा सरळ केला, कार्ड दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबले, स्लॉटची कडी टक करून बसल्याचा आवाज ऐकला आणि मगच स्क्रू हलका लावला. पडदा आला. मदरबोर्डच्या नावातील सर्व अक्षरे स्वच्छ होती.

21 जुलै

ड्रायव्हर घातला. जीपीयू-झेड या प्रोग्रामने मेमरी जीडीडीआर5 असल्याचे दाखवले, म्हणजे खरेदी योग्य झाली. त्याच पडद्यावर जोडणीपुढे "एक्स4 1.1" असे दिसल्याने क्षणभर मन चरकले. कार्ड मुळातच माहितीच्या चार मार्गिकांचे आहे, त्यामुळे चारचा आकडा बरोबर आहे. आणि काम नसताना वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग 1.1 या जुन्या पिढीच्या पातळीपर्यंत खाली येतो. प्रोग्राममधील भार देणारी चाचणी सुरू करताच तो 3.0 वर गेला. बायॉसमध्ये मुख्य ग्राफिक्स म्हणून कार्ड निवडून अंगभूत ग्राफिक्सही चालू ठेवले. क्विक सिंक चालते आहे.

28 जुलै

आठवडाभरात 4101 ची नोंद नाही. ब्लेंडर तीन तास चालवल्यावर कमाल तापमान 69 अंश. संपूर्ण देवळाचा सभामंडप छायांसह फिरवताना 2 जीबी मेमरी भरून येते आणि हालचाल अडखळते, म्हणून झाडांची आणि दीपमाळेची मॉडेले हलकी करून घेतली.

16 ऑगस्ट

पाऊस थोडा उघडला म्हणून कॅबिनेट उघडून पाहिले. नव्या पंख्याच्या जाळीवर तांबूस धुळीचा पातळ थर आला आहे. तो ओल्या फडक्याने पुसून जाळी वाळवून परत लावली. कार्डाचे टोक स्लॉटमध्ये घट्ट आहे. जुन्या कार्डाचे दोन्ही पंखे भाच्याने मागून घेतले आणि उरलेले कार्ड ई-कचरा घेणाऱ्याकडे दिले. दुसऱ्या प्रवेशाचे नेपथ्य काल रात्री पूर्ण झाले. पुढची सफाई चवथीनंतर.